मातीचे विरजण

महाळुंगे,
ता. २१ ऑक्टोबर १९५६

चिरंजीव कुसुम हिस,

ज्येष्ठत्वाचा एवढाच एक अधिकार आमच्याकडे निर्वेध उरला असल्याने प्रथम आशीर्वाद.

तुझे आज्ञापत्र प्राप्त झाले. इतरांच्या भाच्या मातुलाकडे दिवाळीपूर्वी परकर-पोलके मागतात. तू द्राक्षवेलीच्या मुळ्या मागितल्यास. खर्चाच्या दृष्टीने पाहता तुझे वैराग्य अत्यंत स्तुत्य आहे.

पत्रातील शास्त्रार्थ मला उमगला तो असा. तू एम. एस्सी.च्या प्रबंधासाठी द्राक्षवेलीच्या मुळांचा अभ्यास करीत आहेस. कॉलेजच्या बागेतील बारीक मुळांत सूक्ष्मदर्शकाखाली तुला एक बुरशी आढळली. तुझे मार्गदर्शक प्राध्यापक तिला रोग मानतात, आणि मुळाशी मोरचुदाचे पाणी ओतून तिचा निर्वंश करावा असा त्यांचा सिद्धान्त आहे. तू तिला रोग मानीत नाहीस, कारण जिच्या मुळांत ती नांदते ती वेल धडधाकट आहे. सबब जिच्या मुळाशी मोरचुदाचा थेंबही कधी पडलेला नाही, अशी एखादी जुनी बाग तुला हवी आहे. अशी बाग या पंचक्रोशीत एकच, ती माझी. तिच्या या निष्कलंक चारित्र्याचे कारण मात्र माझे तत्त्वज्ञान नसून आळस आहे.

तुझे पत्र सुमुहूर्तावर आले. छाटणीपूर्वी आळी उकरून वेलींची मुळे चार दिवस उन्हाला दाखवण्याचा वार्षिक विधी बागेत चालूच होता. मी चाकणच्या शाळेत पोरांच्या कानांवर विभक्ती घालीत असतो तेव्हा बागेचे सर्वाधिकार तेथे राबणाऱ्या तानाबाईकडे असतात. खरे पाहता मी असतो तेव्हाही ते तिच्याकडेच असतात. सातबाऱ्यावर केवळ माझे नाव आहे. तुझे पत्र मी तिला वाचून दाखवले. 'कुसुमताईला मुळ्या पाहिजेत' एवढे ऐकताच तिने पदर खोचला. तिचा नवरा गेनबा मोट सोडून मदतीस आला. चार ओळींतून चार जुड्या काढल्या, आणि त्यानंतर तीन दिवस ओट्यावर बसून तानाबाईने त्यांसाठी जे श्रम केले, ते मी माझ्या विवाहातही कोणास करताना पाहिले नाही.

भैरू उद्या चाकणहून कांद्याची लॉरी घेऊन पुण्याच्या मंडईस निघेल. वाटेत चिंचवडास तुमच्या दाराशी तो जुड्या उतरवील. प्रत्येकीस ओळीचा क्रमांक बांधला आहे. बुरशीस माझा सादर प्रणिपात सांगावा.

तुझा मातुल,
सोपानराव
(द्राक्षाधिपती, नाममात्र)

*

चिंचवड,
९ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप सोपानमामांस,

साष्टांग नमस्कार, पण घाईत.

चारही जुड्यांतील मुळे रंगात बुडवून पाहिली. पहिल्या तीन जुड्यांत बुरशीचा एकही धागा नाही. चौथीत मात्र इतके धागे आहेत की मोजताना डोळे दुखले.

सरांनी सगळ्या काचपट्ट्या स्वतः पाहिल्या आणि शांतपणे म्हणाले, "बाग जुनी, निरोगी, आणि चारांपैकी तीन ठिकाणी बुरशी नाही. म्हणजे बुरशी नाही म्हणून निरोगी. तुमचा मुद्दा तुमच्याच मामांनी निकालात काढला." त्यावर सगळी प्रयोगशाळा हसली. माझी बुरशीवरची दोन वर्षे आता रद्दीत घालावी आणि मोरचुदाचे प्रमाण किती ठेवावे यावर प्रबंध लिहावा, असे त्यांचे म्हणणे आहे.

मला हे पटत नाही. जुड्या उघडल्या तेव्हा पहिल्या तीन मला दातवणासारख्या दिसल्या होत्या. पांढऱ्या, कोरड्या, गुळगुळीत. मी तेव्हाच विचारायला हवे होते. आता विचारते. त्या मुळांना तिकडे काय केले? खरे सांगा, आणि या एका पत्रात विनोद करू नका.

आपली,
कुसुम

*

महाळुंगे,
१४ नोव्हेंबर १९५६

चिरंजीव कुसुम,

विनोद न करण्याची तुझी अट शिरोधार्य मानून मी साक्षीपुरावा घेतला. साक्षीदारच विनोद करू लागले तर न्यायाधीश काय करणार? जबानी शब्दशः देतो.

"तानाबाई, त्या मुळ्यांना काय केलंस?"

"काय म्हंजी? राखेनं घासल्या, सोलल्या, वाळवल्या. वैद्याला मुळी धाडताना मातीसकट धाडत्यात व्हय?"

"कुसुम वैद्य नाही."

"न्हाई कशी? मुळ्या मागतीया, भिंगातनं बघतीया, मोरचुदाचं बोलतीया. मग हाय तरी कोण?"

यावर न्यायासनाने साक्ष संपवली. आमच्याकडे शतावरी असो वा आस्कंद, वैद्याकडे मूळ जायचे ते घासून, साल काढून, खडखडीत वाळवून. न सोललेले मूळ पाठवणे म्हणजे वैद्याचा अपमान. त्याच शिस्तीने तिने तुझी मुळे सिद्ध केली. गेनबा म्हणाला, "केसावानी बारीक मुळ्या हुत्या, मास्तर. नखानं सोलल्या बाईनं. तीन दिस मला वक्तावर भाकर न्हाई." तानाबाई त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "पुण्याच्या सायबाम्होरं आपल्या पोरीनं चिखूल मांडायचा? माझी न्हाई का लाज गेली असती?"

आता चौथ्या जुडीचे रहस्य. ती सोलण्याचे काम तानाबाईने मजकडे सोपवले होते. मी ती मातीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळली, खाटेखाली सरकवली, आणि सायंकाळी 'झाली' असे सांगून मोकळा झालो. तिच्याशी खोटे बोलण्याचे धैर्य मला एरवी होत नाही. हे वाक्य वाचून दाखवताना मी वगळणार आहे. तूही ते वगळावेस.

तिला चूक कळली तेव्हा ती म्हणाली, "पोरीचं वाटुळं केलं मी." मी तिला काय सांगू ते कळव.

सोपानराव

*

चिंचवड,
१८ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप मामांस,

तानाबाईंना सांगा, वाटोळे नाही, उलट झाले. सोललेल्या तीन जुड्यांत बुरशी नाही, न सोललेल्या एका जुडीत आहे. म्हणजे ती मुळाच्या सालीतच राहते, गाभ्यात शिरत नाही. रोग असता तर गाभा कुजला असता. त्यांच्या नखांनी जो प्रयोग करून दिला, तो ठरवून करायला मी सहा महिने घेतले असते, आणि इतका स्वच्छ मला कधीच जमला नसता.

मात्र सर चौथ्या जुडीवर विश्वास ठेवायला तयार नाहीत. 'एका जुडीने सिद्धान्त होत नाही,' म्हणाले. ते खरेच आहे. म्हणून येत्या रविवारी मी स्वतः येऊन बारा वेलींची मुळे काढणार आहे. सर म्हणाले की मुलींनी कुदळ धरायची गरज नाही, कॉलेजचा शिपाई पाठवू. मी म्हणाले, शिपायाला मी मुळे ओळखायला शिकवीन तोवर पुढची छाटणी येईल. आईला मी जाणार असल्याचे सांगितले आहे. विचारलेले नाही.

साबण-राख दूर ठेवा.

कुसुम

*

महाळुंगे,
१० डिसेंबर १९५६

चिरंजीव कुसुम,

तू आलीस, खणलेस आणि गेलीस. परंतु तुझ्या पदार्पणाचे तरंग अद्याप शमलेले नाहीत. गुडघाभर खड्ड्यात उतरलेली, पदराने नव्हे तर टॉवेलने घाम पुसणारी आणि मुळांच्या टोकांचा वास घेऊन पाहणारी पदवीधर कन्यका या गावाने प्रथमच पाहिली. सरपंच दत्तोबांनी मला चावडीवर गाठून विचारले, "मास्तर, खरं सांगा. सोनं लागलंय का जमिनीत?" मी म्हणालो, "बुरशी लागली." दत्तोबा म्हणाले, "मग एवढं खूश व्हायला काय झालं?" मी निवेदन केले की, तिकडे पिंपरीस सरकारने पेनिसिलिनच्या बुरशीसाठी केवढा कारखाना उभारला आहे; आमची बुरशी त्या घराण्यातली गरीब शाखा आहे, बिनपगारी राबते, एवढेच. त्यांनी सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आता तू सोपवलेल्या चौकशीचा वृत्तान्त. तुझ्या आगमनाच्या दिवशी मेलेल्या वेलीच्या जागी नवे कलम लावताना तानाबाईने जुन्या वेलीखालची दोन ओंजळी माती आणून नव्या खड्ड्यात टाकली, आणि तू कुदळ टाकून तिच्याकडे पाहत राहिलीस, हे मी पाहिले होते. ती असे किती वर्षे करते आणि का, हे तू विचारलेस.

तिचे उत्तर: "सासूनं शिकीवलं. सासूला तिच्या सासूनं. दुधाला इरजण लागतं, मग मातीला लागत न्हाई व्हय? नवा खड्डा म्हंजी निरसं दूध. जुन्या येलाखालची माती घातली का कलम धरतं. न्हाई घातली तर रुसून बसतं."

मी विचारले, "बाई, ही गोष्ट वीस वर्षांत मला कधी का सांगितली नाहीस?"

"तुमी कधी इचारलं?"



तू नेलेल्या दोन टोपल्या मातीतून काय निष्पन्न होते ते कळवावे. तानाबाई रोज विचारते. मी रोज सांगतो की शास्त्रास वेळ लागतो. ती म्हणते, दह्याला एक रात लागती.

सोपानराव

*

चिंचवड,
२८ एप्रिल १९५७

तीर्थस्वरूप मामांस,

चार महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. आज सगळे एकदम लिहिते.

बारा कुंड्या केल्या. माती भट्टीत भाजून घेतली, म्हणजे तिच्यात जिवंत काही राहू नये. सहा कुंड्यांत तानाबाईंच्या विरजणाची एकेक ओंजळ घातली. उरलेल्या सहांत तीच माती, पण तीही भाजून. सगळ्यांत एकाच वेलीची कलमे. आज विरजणाच्या कुंड्यांतील वेल हातभर वाढली आहे. दुसऱ्या सहांतील एकही वितीच्या वर नाही, आणि पाने पिवळी आहेत. मुळे पाहिली: पहिल्या सहांत सालभर बुरशी, दुसऱ्या सहांत नाही. तुमच्या बागेतून मी स्वतः आणलेल्या बाराही वेलींत बुरशी आहे. मोरचुदाने ती मरते, तेही पाहिले. आणि ती मेली की कलम खुरटते.

हे सगळे प्रबंधाचे चौथे प्रकरण झाले. त्यात मी सोललेल्या जुड्यांची हकीकत जशी घडली तशी लिहिली आणि विरजणाची रीत तानाबाईंच्या नावाने दिली. 'महाळुंगे येथील तानाबाई गेनबा यांनी दाखवल्याप्रमाणे' असे शब्द आहेत.

काल सरांनी प्रबंध परत दिला. चौथ्या प्रकरणावर निळ्या पेन्सिलीची आडवी रेघ आहे. ते म्हणाले, "प्रबंधात मजूर बाईचं नाव, तिच्या हातची चूक आणि दह्याची उपमा, या तिन्ही गोष्टी विद्यापीठाला शोभत नाहीत. प्रकरण काढा, मी आज सही करतो." मी विचारले, प्रकरणात चूक कोणती आहे? ते म्हणाले, "चूक नाही. जागा चुकली आहे." मोरचुदाची शिफारस त्यांनी गेल्याच वर्षी छापली आहे, हे त्यांनी सांगितले नाही, मीही बोलले नाही.

प्रबंध ३० जूनपर्यंत द्यायचा आहे. सरांच्या सहीशिवाय तो घेतला जात नाही.

मी प्रकरण काढणार नाही. एवढेच कळवायचे होते.

कुसुम

*

महाळुंगे,
४ मे १९५७

चिरंजीव कुसुम,

तुझे पत्र तीनदा वाचले. पराक्रमी आहेस, यात संशय नाही. तथापि, मातुलाचा धर्म म्हणून चार शब्द.

गुरुजनांशी संग्राम करून कोणी पदवीधर झाल्याचे ऐकिवात नाही. निळ्या पेन्सिलीपुढे मोठमोठे नमले आहेत. त्यात अपमान मानण्याजोगे काही नाही. प्रकरण काढ, सही घे, पदवी घे. एकदा नावापुढे अक्षरे लागली की वाटेल तितकी सत्ये सांग. कोणी अडवणार नाही. सत्य नाशवंत नसते, जूनची मुदत मात्र असते. तानाबाईचे म्हणशील, तर तिला अक्षर वाचता येत नाही. नाव आत आहे की नाही, हे तिला कधीच कळणार नाही.

आणखी एक. तुझ्या सरांचे मला स्वतंत्र पत्र आले आहे. भाषा अतिशय सभ्य आहे. मागणी एवढीच: बागेचा मालक या नात्याने मी दोन ओळी लिहून द्याव्यात की, नमुने अशिक्षित हातांनी हाताळले गेल्याने विश्वासार्ह नव्हते. म्हणजे प्रकरण वगळण्यास सन्मान्य कारण मिळेल, आणि तुझ्यावर ठपका येणार नाही. मला ही युक्ती सर्वांच्या हिताची वाटते. पत्र लिहून लखोट्यात घातले आहे. तुझा होकार येताच टपालात टाकीन.

तुझ्या कल्याणार्थ सदैव तत्पर,
सोपानराव

*

चिंचवड,
७ मे १९५७

मामा,

ते पत्र टाकू नका.

तुम्ही लिहिता तानाबाईंना कधीच कळणार नाही. मला कळेल, तुम्हाला कळेल. आणि पुढच्या वर्षी सरांची शिफारस वाचून कोणी खात्याचा माणूस पंप घेऊन बागेत आला आणि मुळाशी मोरचूद ओतू लागला, तर तानाबाईंनाही कळेल. तेव्हा त्या तुम्हाला विचारतील की पोरीनं लिवलं न्हाई का? तेव्हा काय सांगाल ते आता ठरवून ठेवा. तुम्हाला उत्तरे सुचतात, हे मला ठाऊक आहे.

नमुने अविश्वासार्ह नव्हते. साल काढलेली होती, एवढेच. कोणी, कशी आणि का काढली ते आपल्याला माहीत आहे. इतकी माहिती मला कॉलेजच्या शिपायाने आणलेल्या नमुन्यांचीही नसते.

तुमचे पत्र वाचून मला एक शंका आली. विचारू नये, पण विचारते. तुम्ही स्वतः कधी काही खोडले आहे का? इतका सराव असल्याशिवाय असे पत्र लिहिता येत नाही.

कुसुम

*

महाळुंगे,
१२ मे १९५७

चिरंजीव कुसुम,

तुझ्या शंकेने दोन दिवस घेतले. उत्तर देतो.

सन १९३२. मी चोवीस वर्षांचा होतो आणि नुकताच मास्तर झालो होतो. त्या सुमारास मी इकडच्या गावांतून हिंडून बायामाणसांकडून शब्द गोळा केले: मातीच्या जातींचे, मुळांच्या जातींचे, वेलीच्या आजारांचे, पानाच्या रंगांचे. तीनशे बारा शब्द झाले. प्रत्येकासमोर सांगणाऱ्याचे नाव आणि गाव. पुण्याच्या एका विद्वत्सभेने निबंध मागवले होते, तेथे तो पाठवला. सभेच्या चिटणिसांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "श्रम उत्तम आहेत. हे ग्राम्य शब्द काढा, त्यांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द घाला, आणि बायकांची नावे गाळा. प्रथम क्रमांक तुमचा."

मी एका रात्रीत तीनशे बारा संस्कृत शब्द बनवले. त्यांतले निम्मे आजपर्यंत कोणी उच्चारले नसतील, उच्चारू नयेतच. शाल आणि श्रीफळ मिळाले. मूळ वही मी परत मागितली नाही. मागायची लाज वाटली. ज्या बायांनी शब्द सांगितले त्या गेल्या. मला आज तीसही आठवत नाहीत. मी संस्कृतात बोलतो आणि लोक हसतात. मी त्यांना हसू देतो, म्हणजे ते कारण विचारत नाहीत.

हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

सरांसाठी लिहिलेला लखोटा मी तानाबाईसमोर फोडला आणि आत काय होते ते तिला वाचून दाखवले. 'अशिक्षित हात' येथे ती मला थांबवून म्हणाली, "हात म्हंजी ह्येच ना?" आणि दोन्ही पंजे माझ्यापुढे उलटे-सुलटे धरले. मी हो म्हणालो. "मग तसं न्हाई लिवायचं. काय झालं ते लिवा. मी सोलल्या, कशापायी सोलल्या, समदं लिवा. अन् इरजणाचं बी. खाली मी अंगठा देती."

तसे लिहिले. दोन पाने झाली. एकही विशेषण नाही. तिने अंगठा दिला, गेनबाने साक्षीदार म्हणून दिला. मीही सही केली, आणि चौथी जुडी मी आळसाने सोलली नाही, हेही त्यात आहे. ते वाक्य ऐकून तानाबाई म्हणाली, "मला ठावं हुतं. खाटंखाली मीच झाडती."

एक प्रत सरांना रजिस्टर टपालाने पाठवली. दुसरी सोबत आहे. प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून बांधून घे. त्यांनी काढावयास सांगितले तर काढू नकोस. माझे मागील पत्र जाळून टाक, किंवा ठेव; मला दोन्ही चालेल.

सोपानराव

*

चिंचवड,
१२ जुलै १९५७

तीर्थस्वरूप मामांस,

परिशिष्ट बांधले. चौथे प्रकरणही तसेच ठेवले.

२९ जूनला सरांसमोर प्रबंध ठेवला. त्यांनी परिशिष्ट उघडले, अंगठ्यांचे ठसे पाहिले आणि बराच वेळ ते पानच उलटेनात. मला वाटले, वाचताहेत. मग म्हणाले, "कुसुमताई, मी पंचवीस वर्षं शिकवतो आहे. माझ्या विभागातून अंगठे लावलेला प्रबंध गेलेला नाही." मी म्हणाले, हा जाऊ द्या. ते म्हणाले, "शेवटचं विचारतो. काढता?" मी नाही म्हणाले. त्यांनी प्रबंध बंद करून माझ्याकडे सरकवला. रागावले नाहीत. राग आला असता तर बरे झाले असते.

३० जून गेला. यंदा पदवी नाही, शिष्यवृत्तीही संपली. मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून विद्यापीठाला अर्ज केला आहे. वनस्पतिशास्त्राचे दुसरे एक प्राध्यापक प्रकरण वाचून म्हणाले की घेईन, पण आणखी एका हंगामाची मुळे पाहिजेत, आणि या वेळी सोललेली व न सोललेली, दोन्ही, प्रत्येक ओळीतून. अर्जाचे उत्तर कधी येईल ते कोणी सांगत नाही. तोवर येथल्या शाळेत मुलींना शास्त्र शिकवते.

आई आठ दिवस बोलत नव्हती. काल म्हणाली, "त्या बाईचं नाव पुस्तकात राहावं म्हणून तू एक वर्ष घालवलंस." मी म्हणाले, हो. रात्री तिने पानात तूप वाढले.

एक संध्याकाळ मी रडले, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फार शूर आहे. पण खोडलेले काही नाही.

कुसुम

*

महाळुंगे,
२० ऑक्टोबर १९५७

चि. कुसुम,

आळी उकरून झाली. मुळे परवापासून उघडी आहेत.

तुझे पत्र जुलैत तानाबाईला वाचून दाखवले होते.  परवा तिने बारा वेलींची मुळे मातीसकट काढली, ओल्या गोणपाटात बांधली, वर दोन टोपल्या जुन्या वेलीखालची माती ओतली आणि पोते शिवले. मला वाटले तुझ्यासाठी. ती म्हणाली, "ताईच्या मुळ्या ताई यिऊन काढंल. हे तिच्या जुन्या सायबाचं. न्हाईतर म्हनंल, मला कुनी दावलं न्हाई." मी अडवले नाही. पत्ता मीच लिहिला. पाठवणारी म्हणून तिचे नाव घातले आणि खाली अंगठा.

भैरूने काल ते पुण्यास कॉलेजात नेले. शिपाई आत सोडीना. भैरू म्हणाला, "बाईनं सायबाच्याच हातात द्यायला सांगितलंय. न्हाईतर मी हितं बसतो, कांदं सडलं तरी चालंल." अर्ध्या तासाने साहेब बाहेर आले. विचारले, हे काय आहे? भैरूने सांगितले, "मुळ्या हायत. सोलल्या न्हाईत. तुमी बघा." साहेबांनी पत्त्यावरचे नाव वाचले. मग ठसा पाहिला. शिपायाला सांगितले, आत ठेव. भैरूने पोच मागितली. ती त्यांनी दिली नाही.

तानाबाईला हे सांगितले. ती म्हणाली, फेकलं न्हाई ना? मी म्हणालो, नाही.

विद्यापीठाचे उत्तर आले की कळव. आले नाही तरी रविवारी ये. तू येईपर्यंत एकही ओळ बुजवायची नाही, असे तानाबाईने सांगितले आहे. नवी कोरी वही आण. शतावरी सोलताना ती मुळांची नावे सांगते. मी लिहून घ्यायला सुरुवात केली आहे, पण माझी पाने संपली.

सोपानमामा